तालुक्याला वस्ताद हवा

बेळगावच्या आखाड्यात १९७७ साली हरिश्चंद्र बिराजदार यांनी सतपाल यांना हरवले, ती कुस्ती प्रत्यक्ष पाहिलेली माणसे आता थोडीच उरली असतील. पण तिच्याविषयी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली माणसे मराठवाड्यात गावोगाव भेटतात. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड या खेड्यातून आलेल्या मल्लाने दिल्लीच्या गुरू हनुमान यांच्या पठ्ठ्याला पराभूत करावे, याचे अप्रूप या भागाला अजूनही आहे आणि ते असण्यात वावगे काही नाही. मात्र त्या लढतीच्या आठवणीत रमणाऱ्यांचे तिच्यानंतर काय घडले याकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. दोन्ही मल्ल यथाकाल आखाड्यातून निवृत्त झाले आणि दोघेही वस्ताद झाले. एकाने दिल्लीत पोरे घडविली, दुसऱ्याने पुण्यात. खेळाडू म्हणून त्यांच्यात जे अंतर होते ते बेळगावात दिसले. वस्ताद म्हणून जे अंतर पडले ते त्यांच्या गुणांतले नव्हते, त्यांना लाभलेल्या आधारातले होते. मराठवाड्याने विचार करावा असा खरा विषय हा आहे.

बिराजदार यांचा जन्म १९५० सालचा. हैदराबाद संस्थान भारतात विलीन होऊन तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती आणि निलंगा तालुका त्या काळी बिदर जिल्ह्यात मोडत असे. त्या तालुक्यातील पोराने कुस्तीत नाव काढायचे म्हणजे कोल्हापूर गाठायचे, हा तेव्हाचा शिरस्ता होता. राजर्षी शाहू महाराजांनी त्या नगरीत तालमींना राजाश्रय दिला, खासबागेचे मैदान उभारले आणि कुस्तीला प्रतिष्ठा मिळवून दिली. त्या पुण्याईवर कोल्हापूर पुढे कित्येक दशके महाराष्ट्राचे मल्ल घडवीत राहिले. निजामी राजवटीतल्या मराठवाड्याला असा वारसा लाभला नाही. येथील पोरांना तो दुसऱ्याच्या घरी जाऊन घ्यावा लागला. बिराजदार यांनी तो घेतला आणि १९६९ साली लातूर येथेच भरलेल्या अधिवेशनात, म्हणजे अक्षरशः घरच्या माणसांसमोर, महाराष्ट्र केसरीची गदा खांद्यावर घेतली. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. त्या स्पर्धेत भारताला मिळालेली पाचही सुवर्णपदके कुस्तीतील होती. त्यांपैकी एक निलंगा तालुक्यात आले, ही गोष्ट आपल्या शाळांतून किती विद्यार्थ्यांना सांगितली जाते, हे गुरुजनांनीच एकदा तपासून पाहावे.

मल्लाचे आयुष्य मोठे असते, पण त्याची कारकीर्द फार लहान असते. तिशी उलटली की अंगातला चपळपणा ओसरू लागतो, दुखापती भरून येण्यास वेळ लागतो आणि तरणी पोरे समोर उभी राहतात. ज्याने सोळाव्या वर्षापासून दुसरे काही केलेले नसते, त्याच्यापुढे उरलेल्या तीस-चाळीस वर्षांचा प्रश्न उभा राहतो. काही जण सरकारी नोकरीत शिरतात, काही शेतीकडे वळतात, काही राजकारण्यांच्या मागेपुढे हिंडू लागतात. थोडे वस्ताद होतात. बिराजदार या थोड्यांपैकी होते. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरे शिकविली आणि २०११ साली निधन होईपर्यंत त्यांचे नाव त्या तालमीशी जोडलेले राहिले.

वस्ताद म्हणजे काय, हे तालमीबाहेरच्या सुशिक्षितांना नीटसे ठाऊक नसते. पहाटे पोरांना उठवून जोर, बैठका आणि सपाटे मारून घेणारा माणूस एवढीच त्यांची कल्पना. ते काम तर कोणीही दांडगा मुलगा करू शकेल. वस्तादाचे खरे काम पारखण्याचे असते. कोणत्या पोराच्या अंगकाठीला ढाक शोभते आणि कोणी घिस्सा सोडून पटच काढला पाहिजे. कोणाचे वजन वाढवायचे आणि कोणाला खालच्या गटात ठेवायचे. कोणाला रागवायचे आणि कोणाशी गोडीने बोलायचे, हे त्याला पाहताक्षणी उमगावे लागते. जत्रेतल्या इनामाच्या मोहाने अठरा वर्षांचा पोरगा भलत्या जोडीशी लढून गुडघा गमावणार नाही, याची काळजीही त्यालाच वाहावी लागते. खुराकासाठी घरून आलेले पैसे खुराकावरच खर्च होतात की नाही हे पाहणे, परीक्षेच्या दिवसांत पोराला कॉलेजात धाडणे, घरी दुष्काळ पडला असता त्याचा खर्च कोठून भागवायचा याची तजवीज करणे, ही कामे कोणत्याही अभ्यासक्रमात नाहीत. वस्ताद ती करतो. म्हणूनच पोरे त्याला बापाच्या जागी मानतात.

बिराजदार यांच्या पिढीवर आणखी एक भार होता. ते स्वतः मातीत वाढले. आणि पोरांना मात्र गादीसाठी तयार करायचे होते. मातीवरची जुनी कुस्ती पाठ टेकेपर्यंत चाले. तिच्यात दम, ताकद आणि धीर यांची परीक्षा असे. गादीवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत संपते, तिथे एकेका गुणाचा हिशेब ठेवावा लागतो. हळद, तेल, ताक आणि लिंबू घालून मळलेल्या तांबड्या मातीत पाय जसा रोवतो तसा तो गादीवर रोवत नाही. मातीचा अभिमान बाळगून गादीला नावे ठेवणारे वस्ताद महाराष्ट्रात पुष्कळ होऊन गेले, आणि त्यांच्या त्या अभिमानाची किंमत त्यांच्या पोरांनी परदेशात चुकविली. एडिंबरोची गादी स्वतः अनुभवलेला माणूस शिकवायला मिळणे, याचे मोल या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते. स्पर्धेतल्या अखेरच्या अर्ध्या मिनिटात मल्लाच्या मनाचे काय होते, हे पुस्तक वाचून सांगता येत नाही.

आता दिल्लीकडे पाहावे. १९८२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या सतपाल यांना दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियमचा आश्रय लाभला. ते स्टेडियम दिल्ली सरकारचे. तेथे गादी होती, पोरांना राहायला जागा होती आणि वर्षानुवर्षे न हलणारा वस्ताद होता. त्या आखाड्यातून सुशील कुमार निघाला. त्याने २००८ साली बीजिंगला कांस्य आणि २०१२ साली लंडनला रौप्यपदक मिळविले. योगेश्वर दत्तने लंडनलाच कांस्य जिंकले. रवी दहियाने टोकियोत रौप्य मिळविले आणि २०२४ साली पॅरिसमध्ये अमन सेहरावतने कांस्यपदक पटकावले. एका आखाड्याशी नाते सांगणारी इतकी ऑलिंपिक पदके देशात अन्यत्र सापडणार नाहीत. २०२१ साली त्याच मैदानात एका तरुण मल्लाचा खून झाला आणि आखाड्याच्या नावाला काळिमा लागला, हेही विसरून चालणार नाही. जेथे कीर्ती आणि सत्ता एकवटते तेथे देखरेखही तितकीच कडक हवी, एवढे त्यातून शिकावे. पण सरकारी जागा, सरकारी गादी आणि कायमचा वस्ताद एकत्र आले तर काय होते, याचा पुरावा म्हणून छत्रसालकडे बोट दाखविण्यावाचून गत्यंतर नाही.

सतपाल यांना २००९ साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला आणि २०१५ साली पद्मभूषण. बिराजदार यांना २००६ साली ध्यानचंद पुरस्कार मिळाला. तोही मोठाच सन्मान. तथापि द्रोणाचार्य पुरस्कार गुरूला दिला जातो, तर ध्यानचंद पुरस्कार खेळाडूच्या आयुष्यभराच्या योगदानासाठी दिला जात असे. बेळगावात जिंकलेल्या मल्लाची नोंद दिल्लीच्या दप्तरी अखेरपर्यंत मल्ल म्हणूनच राहिली.

त्यांच्यातल्या गुरूची नोंद दप्तराबाहेर झाली. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे लहानपणीच त्यांच्याकडे आला. २०१८ साली ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाचे सुवर्णपदक जिंकल्यावर त्याने ते आपल्या दिवंगत गुरूला अर्पण केले. गुरूचे राष्ट्रकुल सुवर्ण १९७० चे, शिष्याचे २०१८ चे. मध्ये ४८ वर्षे लोटली. पुढच्याच वर्षी कझाकस्तानात झालेल्या जागतिक स्पर्धेत राहुलने ६१ किलो गटाचे कांस्यपदक मिळविले. बिराजदार गेल्यानंतर त्याला ज्यांनी सांभाळले ते काका पवार हेही लातूर जिल्ह्याचेच. कमरेखाली हात लावण्यास मनाई असलेल्या ग्रीको-रोमन प्रकारात त्यांनी नाव कमावले आणि अर्जुन पुरस्कार मिळविला. नंतर त्यांनीही वस्तादकीचीच वाट धरली आणि पुण्यात कात्रज परिसरात कुस्ती संकुल चालविले. २०२० च्या जानेवारीत बालेवाडी येथे महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली, तेव्हा नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके हे दोघेही काका पवार यांचेच पठ्ठे होते. हर्षवर्धनने ती कुस्ती ३-२ अशी जिंकली आणि हरलेल्या शैलेशला खांद्यावर घेऊन मैदानात फिरविले. त्या दिवशी प्रेक्षकांत बसलेल्या वस्तादाने कोणाच्या बाजूने टाळी वाजविली असेल, हा प्रश्न गमतीने विचारला गेला. पण अशी पेचाची पाळी आपल्यावर यावी, असे कोणत्या गुरूला वाटणार नाही?

ही नावे आणि गावे पुन्हा एकदा पाहावीत. रामलिंग मुदगड, पाटोदा, लातूर. माणसे सगळी मराठवाड्याची. आणि तालमी? सगळ्या पुण्याच्या. वस्ताद पुण्याला गेले, कारण तेथे त्यांना बसायला जागा मिळाली. आणि वस्तादांच्या मागोमाग पोरे गेली. हदगावहून पुणे सुमारे पाचशे किलोमीटर आहे. हदगाव तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोराला कुस्तीचा नाद लागला, तर त्याच्या बापाने काय करावे? गावच्या जत्रेत पोरगा नारळाची कुस्ती मारतो, दोन वर्षांनी शंभर-दोनशेची मारतो. हलगीच्या कडकडाटात लोक त्याला खांद्यावर घेतात. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतल्या दंगलीत त्याने एखादी चांगली जोड फेकली तर पंचक्रोशीत नाव होते. त्याच्यापुढची पायरी तालुक्यात नाही. ती चढायची तर पुण्यात राहण्याचा खर्च आहे, दूध, तूप, बदामाचा खुराक आहे, आणि घरातले दोन हात कमी झाल्याने शेतीचे होणारे नुकसान आहे. ज्याच्या बापाला हे पेलते तो जातो. बाकीची पोरे विशीतच आखाड्याला रामराम करतात, आणि त्यांच्यात एखादा बिराजदार होता की नव्हता हे कधीच कळत नाही.

यावर कोणी म्हणेल की, मराठवाडा मागासलेला, त्याला इलाज नाही. या म्हणण्याला उत्तर लातूरनेच देऊन ठेवले आहे. दहावी-बारावीच्या आणि वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षांसाठी सबंध महाराष्ट्रातून विद्यार्थी लातूरला येऊन राहतात. अलीकडे नांदेडलाही येतात. हदगावच्या पोराला त्यासाठी पुण्याला जावे लागत नाही. साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या नांदेडला गेले की भागते. ‘लातूर पॅटर्न’च्या गुणदोषांवर वाद होऊ शकतो आणि तो व्हावाही; गुणांच्या मागे धावताना शिक्षणाचे काय झाले, हा प्रश्न काही लहान नाही. परंतु एक गोष्ट त्याने निर्विवाद सिद्ध केली. ज्या गावी कसून शिकविणारा शिक्षक पाय रोवून बसतो, ते गाव कितीही आडवळणाला असले तरी विद्यार्थी तेथे येतात. गणितासाठी जे खरे ठरले ते कुस्तीसाठी का खरे ठरू नये? फरक इतकाच की, गणिताच्या शिक्षकाला येथे पोट भरता आले, वस्तादाला आले नाही.

लहान प्रदेशाने एखादा खेळ आपला मानला आणि जुन्या खेळाडूंना शिकविण्याच्या जागी बसविले तर काय साधते, याचे उदाहरण दूरच्या लिथुआनियात दिसते. या देशाची लोकसंख्या तीस लाखांच्याही आत; २०११ च्या जनगणनेत एकट्या नांदेड जिल्ह्याचीच ३३ लाखांवर भरली होती. या चिमुकल्या देशाने बास्केटबॉलमध्ये १९९२, १९९६ आणि २००० अशी सलग तीन ऑलिंपिक कांस्यपदके मिळविली. २००३ साली युरोपचे अजिंक्यपद त्याने जिंकले, तेव्हा संघाचा प्राण असलेला शारूनास यासिकेविचुस हा खेळाडू पुढे प्रशिक्षक झाला. युरोपातील क्लबांची सर्वोच्च स्पर्धा खेळाडू म्हणून चार वेळा जिंकलेल्या या माणसाने प्रशिक्षकपदाचा श्रीगणेशा कौनास या आपल्या जन्मगावच्या झाल्गिरिस क्लबात केला आणि २०१८ साली त्या क्लबाला युरोपच्या अंतिम चारांत नेऊन बसविले. नंतर मोठ्या क्लबांनी त्याला नेले. २०२५ साली तुर्कस्तानच्या फेनरबाहचे संघाला त्याने तीच स्पर्धा जिंकून दिली. यशस्वी माणूस अखेर बाहेर जातोच, त्याला कोणी अडवू नये. पण त्याची पहिली शाळा त्याच्या गावातच होती, आणि गावच्या पोरांनी त्याला रोज शिकविताना पाहिले होते. बिराजदार यांना निलंग्यात किंवा लातुरात अशी शाळा उघडून देण्याचे कोणाला सुचले असते, तर गेल्या तीस-चाळीस वर्षांचा इतिहास काही वेगळा लिहिला गेला असता.

राज्य शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. आंतरराष्ट्रीय पदके मिळविणाऱ्यांना थेट अधिकारपदी नेमले जाते. राहुल आवारे हाही अशा नेमणुकीने पोलीस उपअधीक्षक झाला. तालुक्या-तालुक्याला क्रीडा संकुल असावे, हेही शासनाच्या धोरणात आहे. हेतू चांगलेच आहेत. परंतु या सगळ्या योजनांचा रोख खेळाडूला बक्षीस देण्याकडे आणि इमारती बांधण्याकडे आहे. बक्षीस मिळालेला खेळाडू कचेरीत जाऊन बसतो, आणि त्याने मिळविलेली विद्या त्याच्याबरोबर फायलींच्या ढिगाऱ्यात दडते. संकुलाचे म्हणावे तर, भिंती उभ्या करण्याचे देयक निघते, गादीचेही एखादे वेळी निघते. तिच्यावर पहाटे पाच वाजता उभा राहणारा माणूस कोणत्या लेखाशीर्षाखाली बसवायचा, हे ठरलेले नसते. शाळेतील शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकावर ही जबाबदारी टाकून मोकळे होता येईल, असे काहींना वाटते. त्या बिचाऱ्याचा तास परीक्षा जवळ आल्या की गणिताला जातो, आणि उरलेला वेळ गणवेश-वाटपाच्या याद्यांना.

चांगला खेळाडू चांगला गुरू होतोच असे नाही, हा आक्षेप रास्त आहे. पुष्कळ नामवंत मल्लांना स्वतःचा डाव कसा बसतो हे सांगता येत नाही. त्यांना तो फक्त मारता येतो. उलट, कारकिर्दीत मागे राहिलेला एखादा मल्ल पारखी वस्ताद निघतो. म्हणून निवड पदकांच्या यादीवरून करू नये. शिकविण्याचे काम करवून, पारखून करावी. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका हीच एकमेव अट ठेवली, तर मात्र इंग्रजीला बिचकणारे खेड्यातले मल्ल उंबऱ्याबाहेरच राहतील. दुखापतीवरील प्रथमोपचार, आहार, वजनगटांचे नियम, पंचांची गुणपद्धती आणि उत्तेजक द्रव्यांचे धोके, एवढे विषय मराठीतून तीन-चार महिन्यांत शिकविता येतात. ते विभागीय पातळीवर शिकवावेत आणि उत्तीर्ण झालेल्यांना तालुक्याच्या संकुलात मानधनावर नेमावे. पोलीस व इतर खात्यांत असलेल्या नामवंत मल्लांपैकी ज्यांची इच्छा असेल त्यांना दोन-तीन वर्षांसाठी आपापल्या जिल्ह्यात प्रशिक्षक म्हणून पाठवावे. त्यांची बढती आणि ज्येष्ठता त्यामुळे अडणार नाही, एवढी हमी द्यावी म्हणजे झाले. शिक्षक प्रतिनियुक्तीवर जाऊ शकतात, तर मल्लांनी का जाऊ नये?

हा प्रश्न केवळ कुस्तीचा नाही. २०२४ साली पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळविणारा कोल्हापूर जिल्ह्यातला स्वप्नील कुसाळे ज्यांच्या हाताखाली तयार झाला, त्या दीपाली देशपांडे स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या आहेत. खाशाबा जाधव यांच्या १९५२ च्या कांस्यपदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास ७२ वर्षे लागली, आणि ते मिळाले तेव्हाही मागे एक निवृत्त खेळाडूच उभी होती.

मुलींचा विचार तर अजून कोणी गांभीर्याने केलेलाच नाही. महिलांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा २०२३ साली सांगलीत प्रथम झाली आणि प्रतीक्षा बागडी हिने ती जिंकली. मराठवाड्यातली पोरही मातीत उतरू इच्छिते. तिला पाचशे किलोमीटरवर एकटी ठेवण्यास किती आईबाप धजतील? मुलासाठी कर्ज काढून का होईना पुण्याची सोय करणारे घर मुलीसाठी ते करीत नाही, हे कटू असले तरी सत्य आहे. तिला वस्ताद मिळायचा तर तो तालुक्यातच मिळाला पाहिजे, आणि शक्यतो तो वस्ताद एक बाईच असली पाहिजे.

मार्गशीर्षात माळेगावची यात्रा भरते, त्या वेळी जिल्ह्याचे पुढारी आणि अधिकारी आखाड्याच्या कडेला खुर्च्या टाकून बसतात, जोड लावतात, फेटे बांधून घेतात आणि विजेत्याला रोख इनाम देतात. त्यांच्यापैकी एखाद्याने या खेपेस फेटा बांधून घेण्यापूर्वी हरलेल्या आणि जिंकलेल्या पोरांना जवळ बोलावून, उद्या सकाळी तुम्ही कोणाकडे मेहनत करायला जाणार, एवढेच विचारावे, आणि मिळालेली उत्तरे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या कचेरीत लिहून पाठवावीत.